कडाक्याच्या थंडीत शेगडी पेटती, तरी घर गार: बिघाड शोधायचा कुठे?

बाहेर उणे पंचवीस-तीस. शेगडीत लाकडं ठासून भरलेली, धुराडं तापलेलं, आणि तरी खोलीचा पारा तासातासाला खाली. पहाटे उठून दार उघडावं तर आत निखाऱ्यांचा ढीग, त्यावर राख, नवीन ओंडका घालायला जागाच नाही. कसाबसा घातला तर तो पाऊण तास नुसता धुमसतो, काच काळी होते आणि दार किलकिलं केलं की धूर तोंडावर. दोन दिवसांनी थंडी ओसरते आणि सगळं आपोआप सुरळीत होतं. पुढचा कडाका आला की पुन्हा तेच रडगाणं.

दर हिवाळ्यात हे घडतं आणि दर हिवाळ्यात उपाय भलतीकडेच केला जातो. कोणी मोठी शेगडी घ्यायला निघतं, कोणी आणखी लाकडं कोंबतं, कोणी रात्री हवा पार बंद करून "निदान विस्तव तरी टिकेल" म्हणून झोपतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेगडीचा दोष त्यात क्वचितच असतो. लाकडाची आग पेटणं, ज्वाळा आणि निखारे अशा तीन अवस्थांतून जाते, आणि प्रत्येक अवस्थेत ती वेगळ्या कारणाने अडते. म्हणून काय बिघडलंय यापेक्षा ते केव्हा बिघडतंय हे आधी बघा. पेटवताना धूर येतो की मध्येच आग मंदावते, की ज्वाळा छान असतात आणि घर गार पडतं ते शेवटच्या दोन तासांत? या एका उत्तराने निम्मी शोधाशोध संपते.

खालचं सगळं बंद दाराच्या, बिडाच्या किंवा पोलादी, धुराड्याला नीट जोडलेल्या शेगडीबद्दल आहे. उघड्या चुलाण्याबद्दल नाही. ते खोलीतली तापलेली हवा एवढ्या प्रमाणात वर ओढून नेतं की अशा थंडीत त्याच्या भरवशावर घर गरम ठेवणं अवघडच.

जिथे शोधाशोध करत बसायचं नाही

घरात एकापेक्षा जास्त जणांचं डोकं एकाच वेळी दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतंय, तर तो सर्दी-ताप नव्हे. कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या. त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त चिकटतो. सगळ्यांना बाहेर काढा, मदत बोलवा, शेगडीचं नंतर बघू. ज्वाळा दिसत असताना लोक सावध असतात. खरा धोका ज्वाळा संपून निखारे उरतात आणि धुराड्याची ओढ (धूर वर खेचून न्यायचा जोर) मंदावते तेव्हा, म्हणजे नेमका सगळे झोपेत असताना. झोपायच्या खोल्यांबाहेर आणि प्रत्येक मजल्यावर चालू स्थितीतला कार्बन मोनॉक्साइड अलार्म नसेल तर ही पोस्ट पुढे वाचण्याआधी तो लावा.

दुसरी गोष्ट म्हणजे धुराड्यातून अचानक घोंघावणारा आवाज, नळी थरथरणं, वर टोकाशी ठिणग्या किंवा ज्वाळा. धुराड्यात साठलेल्या थराने पेट घेतलाय. आतलं तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकतं. शेगडीचं दार आणि हवेच्या सगळ्या झडपा बंद करा, सगळ्यांना बाहेर न्या, अग्निशमन दलाला बोलवा. पाणी ओतू नका. तापलेल्या धुराड्यात पाण्याची एकदम वाफ होते आणि अस्तर तडकतं. आग विझली तरी जाणकाराने आतून तपासल्याशिवाय पुन्हा पेटवायची नाही.

आधी थोडा हिशोब

हा हिशोब न करता लोक शेगडीला दोष देतात. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकावर ठरते. आत २० अंश हवेत आणि बाहेर शून्य आहे, तर फरक २० चा. बाहेर उणे ३० झालं की फरक ५० चा. म्हणजे तेच घर, त्याच भिंती, पण उष्णता अडीचपट वेगाने निसटतेय. शून्याला ज्या घराचं ४ किलोवॉटवर भागतं त्याला आता १० लागतात.

वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण ४ किलोवॉट-तास उष्णता असते. चांगली शेगडी त्यातली पाऊण खोलीत सोडते, बाकी धुराड्यातून जाते, आणि ती तशी जायलाच हवी. हातात आले ३. मग १० किलोवॉट टिकवायला तासाला सव्वातीन-साडेतीन किलो लाकूड लागणार, दिवसाला ८० किलो. शेगडीच्या पोटात एका वेळी १० किलो मावत असेल तर एक भरण जेमतेम तीन तासांचं. एरवी हीच शेगडी रात्री दहाला भरली की सकाळी सहाला निखारे देत होती, कारण तेव्हा तिच्याकडे मागणीच कमी होती.

या हिशोबाने दोन गोष्टी होतात. रात्री एकदा तरी उठावं लागणार हे मान्य होतं. आणि आता मुख्य दुखणं कळतं: तीन तासांनी भरायची शेगडी माणूस घाईने दोन तासांनीच भरायला लागतो, आणि तिथून निखाऱ्यांचा घोळ सुरू होतो.

निखाऱ्यांचा ढीग

कडाक्याच्या थंडीतली सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार हीच, आणि सर्वांत कमी समजलेलीही. लाकूड तापलं की त्याच्या सुक्या वजनातला तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग वायू होऊन बाहेर पडतो आणि तो वायू जळतो. त्या आपल्याला दिसणाऱ्या ज्वाळा. उरतो तो कोळसा. वजनाने तो पाचवा हिस्सा असेल-नसेल, पण लाकडातल्या एकूण उष्णतेपैकी जवळजवळ एक तृतीयांश त्याच्यात असते. आणि कोळसा जळतो तो फक्त पृष्ठभागावर. हवा थेट अंगावर आली तरच. वर राख चढली की तो तासन्‌तास नुसता लाल राहतो, ऊब नावापुरती.

आता खोली गार पडतेय म्हणून त्या निखाऱ्यांवर तुम्ही तीन ओंडके टाकले. नव्या लाकडाच्या वायूने येणारा प्राणवायू खाल्ला, निखारे खाली दबले, त्यांच्या वाट्याला काही आलं नाही. दोन तासांनी ज्वाळा संपल्या तेव्हा जुने निखारे होते तिथेच आणि त्यावर नव्यांची भर. पुढच्या खेपेला तीनऐवजी दोनच ओंडके मावले. त्याच्या पुढच्या खेपेला एक. पहाटेपर्यंत शेगडीचं पोट लालबुंद कोळशांनी अर्धं भरलेलं आणि घर कुडकुडतंय. बघणाऱ्याला वाटतं, एवढा विस्तव आहे मग ऊब का नाही? ऊब त्या ढिगातच अडकून पडलीय.

सोडवायची रीत अशी. आधी हवेची झडप पूर्ण उघडा आणि मिनिटभर थांबा. मग दार बोटभर उघडून पुन्हा क्षणभर थांबा, ओढ बसली की सावकाश पूर्ण उघडा. झटक्याने उघडलं तर धूर घरात येणारच. लांब दांड्याच्या आकड्याने मागचे, कोपऱ्यातले सगळे निखारे पुढे ओढा, जिथून हवा येते तिथे. ओढता ओढता राख खाली बसते आणि कोळशांची अंगं उघडी पडतात. रंग पिवळसर नारिंगी होताना दिसेल. आता त्या ढिगावर मनगटापेक्षा बारीक, खडखडीत वाळलेली एक-दोन फाटी ठेवा, शक्यतो पाइनसारख्या हलक्या लाकडाची. त्यांच्या ज्वाळेने धुराडं तापलेलं राहतं, ओढ टिकते आणि ती ओढ निखाऱ्यांवरून हवा खेचते. दार बंद, हवा पूर्ण उघडी. अर्ध्या-पाऊण तासात ढीग बराच बसलेला असेल आणि तेवढ्या वेळात शेगडी आधीच्या तासापेक्षा जास्त धग देईल. फाटी विझत आली आणि ढीग अजून मोठा असेल तर आणखी एक. मोठा ओंडका टाकायचा मोह आवरा. सगळी मेख तिथे आहे.

हे काम कधी करायचं हेही ठरवून घ्या. दुपारी, बाहेरचा पारा दिवसातला सर्वांत वर असतो तेव्हा, निखारे पार खाली उतरू द्या. संध्याकाळी पुन्हा एकदा. म्हणजे रात्रीचं भरण रिकाम्या पोटात पडतं आणि पूर्ण मावतं. पहाटेच्या ऐन गारठ्यात ढीग उपटत बसायची वेळ ज्याच्यावर येते, त्याची दुपार चुकलेली असते.

लाकडाची निवडही इथे कामाला येते. ओक, बीचसारखी जड लाकडं निखारे जास्त धरतात, ती रात्रीसाठी राखून ठेवा. दिवसा हलकं लाकूड वापरा: भरभर जळतं, कोळसा कमी सोडतं. हलक्या लाकडातल्या राळेने धुराडं खराब होतं असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. धुराडं खराब करतो तो ओलावा आणि गार धूर, मग लाकूड कुठलंही असो. किलोला किलो तोललं तर दोन्हींची उष्णता जवळपास सारखीच भरते. फरक आकारमानात आहे, जड लाकूड कमी जागेत जास्त मावतं.

राखेचंही बघा. तळाशी दोन-तीन सेंटीमीटर राख असावी, ती विस्तव धरून ठेवते. त्यापेक्षा जास्त झाली की हवेची भोकं बुजतात आणि पोट उथळ होतं. थंडीच्या लाटेत दिवसाला ८० किलो जळत असताना आठवड्याने राख काढायची सवय चालत नाही.

ढीग नकोसा झाला म्हणून पेटते निखारे बादलीत उपसून बाहेर नेणारे लोक आहेत. एक तर लाकडाच्या उष्णतेचा तिसरा हिस्सा अंगणात फेकला जातो. त्यात ती बादली ओसरीत, लाकडी फळ्यांवर ठेवली जाते. राखेत दडलेला निखारा कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. राख नेहमी झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, घरापासून लांब, मातीवर किंवा दगडावर. घरात किंवा पडवीत नाही, कारण विझत चाललेले निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडतात.

मध्येच मंदावणारी आग: बहुतेक वेळा सरपण

ओंडके टाकल्यावर वीस मिनिटांनीही ज्वाळा अंग धरत नसतील, ओंडक्याच्या टोकाशी फेस येत असेल, चुर्रर्र आवाज येत असेल, तर बाकी काही तपासायची गरज नाही. जळण ओलं आहे. सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण शेगडीने ऐकलेली नाही. इथे ओल्याबरोबर सुकंही धुमसतं.

ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं. एकूण वजनाच्या २० टक्के पाणी असलेल्या दहा किलो सरपणात दोन लिटर पाणी आहे. तेच ४० टक्के असेल तर चार लिटर, आणि जळण सहाच किलो. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. लाकडातून सुटणारा वायू नीट जळायला आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. पाण्याची वाफ करण्यातच आगीचा जोर गेला तर तिथपर्यंत ती पोचत नाही आणि तो वायू, म्हणजे आपलं जळणच, धूर होऊन वर जातो.

ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, पण थंडीत ते फसवतं. गोठलेल्या लाकडात पाणी बर्फ झालेलं असतं, त्यातून वीज नीट वाहत नाही आणि आकडा कमी येतो. बाहेरच्या रचलेल्या गंजीत जाऊन सुया टोचून "१६ आला, मस्त" म्हणू नका. ओंडका दिवसभर घरात ठेवा, फोडा आणि ताज्या फुटलेल्या आतल्या अंगावर मोजा. २० च्या आत हवं. मीटर नसेल तर दोन फाटी एकमेकींवर आपटा. वाळलेल्या टणटणीत वाजतात, ओल्यांचा आवाज बद्द येतो. टोकाच्या चिरा बघून मात्र ठरवू नका, महिनाभर उन्हात पडलेल्या ओल्या ओंडक्यालाही चिरा पडतात.

ऐन कडाक्यात कळलं की गंजी ओली आहे, तर काय? नवीन वाळलेलं सरपण मिळेपर्यंत जुगाड करावा लागतो. ओंडके आणखी बारीक फोडा. पुढच्या दोन-चार दिवसांपुरते घरात आणून हवा खेळेल असे सैल रचा; नुसतं बर्फ वितळून अंगची थंडी गेली तरी फरक पडतो. फक्त शेगडीला चिकटून नाही, जळणाऱ्या वस्तूंसाठी साधारण ९० सेंटीमीटर अंतर धरा आणि शेगडीच्या पुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर तेवढं. प्रत्येक भरणात ओलं एक तर सुकी दोन-तीन असं मिसळा. लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या विटा मिळत असतील तर त्या उत्तम. अतिशय कोरड्या असतात, म्हणून पोट काठोकाठ भरायचं नाही, शेगडी बेफाम तापते. सुतारकामातले तुकडेही चालतात. रंग दिलेले, पॉलिश केलेले, वाळवीचं औषध मारलेले आणि प्लायवूडचे नकोत, त्यांचा धूर विषारी असतो.

पेटवतानाच धूर घरात येतो

शेगडी काही तास विझलेली आणि धुराडं घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून वर गेलेलं. अशा धुराड्यात गार, जड हवेचा खांब बसलेला असतो. दार उघडून आत तळहात धरा. गार झुळूक लागली तर हवा वरून खाली येतेय. या स्थितीत काडी लावली तर धूर खोलीत येणार हे ठरलेलं. उदबत्ती धरली तर धुराची दिशा आणखी स्पष्ट कळते.

यात एक गंमत आहे. घर स्वतःच एक धुराडं असतं. आतली उबदार हवा वरच्या मजल्याच्या फटींतून, माळ्याच्या झाकणातून निसटते आणि तेवढीच हवा खालून कुठून तरी आत ओढली जाते. बाहेर जितकं गार, तितकी ही ओढ जास्त. शेगडी तळघरात किंवा तळमजल्यावर असेल तर हवा आत यायची सर्वांत सोपी वाट म्हणजे तिचं थंड धुराडं. घराची ओढ विझलेल्या धुराड्याच्या ओढीवर मात करते. त्यात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू असेल तर विचारायलाच नको.

म्हणून आधी सगळे एक्झॉस्ट फॅन आणि कपडे वाळवायचं यंत्र बंद करा. वरच्या मजल्याच्या खिडक्या घट्ट लावा. शेगडीजवळची, त्याच मजल्यावरची एक खिडकी दोन बोटं उघडा. धूर झाला म्हणून वरची खिडकी उघडण्याची चूक फार जण करतात. त्याने उलट ओढ वाढते. मग धुराडं गरम करा: नळीच्या तोंडाशी केस वाळवायचा ड्रायर काही मिनिटं धरा, किंवा कागदाचा पिळलेला बोळा वरच्या बाजूला पेटवा. तळहाताला झुळूक उलटी, आत जाणारी लागली की मुख्य आग लावा.

आग रचायची ती वरून खाली. जाड फाटी तळाशी, त्यावर मध्यम, सर्वांत वर ढलप्या आणि कागद, आणि काडी वर लावायची. सवय नसलेल्याला हे उलटं वाटतं, पण पहिली ज्वाळा थेट नळीला तापवते आणि खालची गार लाकडं सुरुवातीलाच धूर सोडत नाहीत. रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट असलं काहीही कधीच नाही.

रात्री हवा बंद करून झोपणं

झडप पूर्ण बंद केली की विस्तव टिकतो खरा. पण पोटात न जळलेला धूर तयार होत राहतो, वर जाताना नळीत गार होतो, आणि १२० अंशांच्या खाली उतरला की त्यातले डांबरी पदार्थ वाफेबरोबर भिंतीवर जमतात. हेच क्रिओसोट, धुराड्यात पेट घेणारा थर तो हाच. आधी भुगा, मग पापुद्रे, मग काचेसारखा चकचकीत काळा थर, जो ब्रशने निघत नाही. बाहेर उणे ३० असताना धुराड्याचा वरचा भाग एवढा गार असतो की एरवी खपून गेलेली सवय आठवडाभरात अंगाशी येते.

प्रत्येक भरणानंतर आधी पंधरा-वीस मिनिटं आग जोरात जळू द्या. ओंडक्यांची बाहेरची अंगं काळी पडून ज्वाळांनी पोट भरलं की मग टप्प्याटप्प्याने हवा कमी करा. ज्वाळा दिसेनाशा होईपर्यंत कमी करायची नाही. नळीला चिकटवायचं चुंबकी थर्मामीटर लावाच. एकेरी (एकाच पत्र्याच्या) नळीच्या पृष्ठभागावर साधारण १२० ते २४० अंश ही काम करायची पट्टी. काटा तासन्‌तास त्याखाली रेंगाळत असेल तर थर जमतोय, अगदी काच स्वच्छ दिसत असली तरी. तपासणीत थर ३ मिलिमीटर झालेला दिसला की धुराडं साफ करून घ्यायची वेळ आली.

रोज थोडी थोडी कमी होणारी ओढ

ही वेगळी ओळखा. आग नीट आहे, सरपण सुकं आहे, पेटतानाही त्रास नाही, पण दार उघडल्यावर काल येत नव्हता तो धूर आज येतो आणि उद्या आणखी येतो. बहुधा धुराड्याच्या टोकाची टोपी बुजतेय. एक किलो सुकं लाकूड जळताना त्यातल्या हायड्रोजनपासूनच अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी तयार होतं, मूळचा ओलावा वेगळा. ही वाफ टोपीच्या जाळीवर काजळीसोबत गोठते. बर्फाळ छपरावर चढू नका; खालून दुर्बिणीने बघा, जाळीला काळी झालर दिसली तर माणूस बोलवा. शेगडीच्या आत वर बसवलेली आडवी पाटीही बघा. तिच्यावर राख-पापुद्रे साठले किंवा ती सरकली तरी लक्षणं हीच.

ओढ जास्त झाली तर

याच्या बरोबर उलटंही घडतं आणि त्याची तक्रार कोणी करत नाही, कारण आग झकास दिसते. उंच, घराच्या आतून गेलेलं धुराडं कडाक्यात फार जोरात ओढतं. हवा बंद करूनही ज्वाळा आवरत नाहीत, भरण दीड तासात संपतं, निखारे उरतच नाहीत, नळी भाजते आणि खोली मात्र गार. उष्णता सरळ आकाशात चाललीय.

आधी दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी तपासा. गार शेगडीत दारात कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निसटली तर तिथून हवा आत जातेय. चारही बाजूंना करून बघा, बिजागरीची बाजू बहुतेक जण विसरतात. राखेच्या कप्प्याचं दारही असंच बघा. ते किलकिलं राहिलं तर भात्याने फुंकल्यासारखी हवा जाते, जाळी वाकते, बीड तडकतं. दोऱ्या ठीक असतील आणि तरी ओढ आवरत नसेल तर नळीत झडप बसवायचा विचार करा, पण शेगडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच, आणि बसवणाऱ्या माणसाकडून. ती झडप निखारे जळत असताना पूर्ण बंद करायची नसते. कारण कार्बन मोनॉक्साइड, वर सांगितलंय.

सगळं ठीक, तरी एकच खोली गरम

शेगडीच्या खोलीत २६ आणि टोकाच्या खोलीत १२, हे कडाक्यात होतंच. पंखा शेगडीमागे ठेवून गरम हवा ढकलायचा प्रयत्न बहुतेक जण करतात. उलट करा. छोटा पंखा गार खोलीच्या दाराशी जमिनीवर, तोंड शेगडीकडे. गार हवा जड असते, जमिनीलगत सहज सरकते, आणि तिची जागा घ्यायला गरम हवा दाराच्या वरच्या भागातून आपोआप येते. दाराच्या चौकटीत वर उदबत्ती धरलीत तर हे डोळ्यांनी दिसेल.

आणि तरीही पारा चढत नसेल, तर पुन्हा वरचा हिशोब काढा. शेगडीवर लिहिलेले किलोवॉट आणि घराची मागणी यांचा मेळ बसत नसेल तर युक्त्या करून काही व्हायचं नाही. माळ्याचं झाकण आणि दारांखालच्या फटी बुजवा, नको त्या खोल्या बंद करा, शेगडीजवळच्या एक-दोन खोल्यांत राहा. फक्त बंद केलेल्या खोल्यांतल्या पाण्याच्या नळ्या विसरू नका. घरात दुसरी हीटिंग असेल आणि तिचा थर्मोस्टॅट शेगडीच्या खोलीत असेल तर त्याला सगळं घर उबदार वाटतं, ती हीटिंग सुरूच होत नाही आणि लांबच्या भिंतीतली नळी गोठून फुटते. अशा रात्री ती हीटिंग अधूनमधून हाताने चालू करा, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा आणि टोकाचा नळ बारीक धारेने वाहता ठेवा.